एमटीएस पदाची भरती : जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत

केंद्र सरकारच्या मुंबईतील एका कार्यालयात सप्टेंबर २०२५मध्ये मी मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे बोलण्यात ज्याला एमटीएस म्हणतात, त्या पदावर रुजू झाले. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी कशी करावी याविषयी मला पुष्कळ वाचायला मिळाले होते. परंतु निकालात नाव आल्यानंतर काय होते, कोणती कागदपत्रे कोणत्या नमुन्यात लागतात, मधल्या काळात पैसे कशाकशाला लागतात आणि रुजू झाल्यावर नेमके काय काम करावे लागते, हे मराठीत सलग लिहिलेले फारच थोडे सापडले. गावाकडून एकट्याने हे सगळे करणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आधी पदाविषयी. शिपाई, दफ्तरी, जमादार, फरास, चौकीदार, सफाईवाला, माळी अशी पदे पूर्वी केंद्रात गट ‘ड’मध्ये वेगवेगळी असत. सहाव्या वेतन आयोगानंतर ती एकत्र करून गट ‘क’मध्ये हे एकच पद करण्यात आले. शैक्षणिक पात्रता दहावी उत्तीर्ण एवढीच आहे. कामांची यादी जाहिरातीत स्पष्ट दिलेली असते : खोल्या उघडणे आणि बंद करणे, साफसफाई, टेबलखुर्च्या पुसणे, फायली एका शाखेतून दुसरीकडे नेणे, झेरॉक्स काढणे, टपाल पोहोचवणे, आवक-जावक नोंदी, अभिलेख सांभाळणे, पहारा, कुंड्यांची आणि बागेची निगा. माझे बी.ए. झालेले आहे. घरी ही यादी मी आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. वडील काही वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, ‘‘तुला जमेल ना हे रोज?’’ मी नीट विचार करून हो म्हटले. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न त्याच वेळी स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते. कारण पदवीधर म्हणून आपल्याला वेगळे काम देतील, या समजुतीवर आलेल्यांची पुढे फार ओढाताण होते.

२०२४ची जाहिरात २७ जून २०२४ रोजी आली. अर्जाची मुदत ३१ जुलैपर्यंत होती, ती पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. त्या वर्षी आयोगाचे संकेतस्थळ नवीन झालेले असल्यामुळे जुनी नोंदणी चालत नव्हती आणि सर्वांनाच नव्याने एकवेळ नोंदणी करावी लागली. त्यात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहायचे असते. महाराष्ट्रातील आपल्यासारख्यांची पहिली अडचण येथेच येते, कारण आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि आधार कार्डावर बहुतेकांचे ते शेवटी असते. मी गुणपत्रिकेचा क्रम धरला आणि पुढे कागदपत्रांच्या पडताळणीला ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सोबत नेले. लग्नानंतर ज्यांचे नाव बदलले आहे, त्यांनी तर ही तयारी अर्जापूर्वीच करून ठेवावी.

छायाचित्र त्याच वेळी कॅमेऱ्यासमोर काढले जाते. चष्मा, टोपी चालत नाही आणि मागची भिंत फिकट रंगाची, साधी लागते. आमच्या तालुक्याच्या गावच्या इंटरनेट केंद्रात मागे रंगीत जाहिराती लावलेल्या होत्या, म्हणून मी फोनवरून घरीच, दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढले. परीक्षा शुल्क १०० रुपये आहे, ते महिलांना आणि अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व माजी सैनिक उमेदवारांना माफ आहे. परीक्षेची भाषा याच अर्जात निवडावी लागते. इंग्रजी आणि हिंदीखेरीज मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत ही परीक्षा देण्याची सोय २०२३पासून झाली आहे आणि मी मराठीच निवडली. याच जाहिरातीत हवालदार हेही पद असते, ते पोलिसांतले नव्हे तर केंद्राच्या सीमाशुल्क व अप्रत्यक्ष करांच्या विभागातले. त्यासाठी महिलांना १५२ सेंटिमीटर उंची आणि २० मिनिटांत एक किलोमीटर चालण्याची चाचणी लागते. माझी उंची त्याहून कमी असल्यामुळे मी केवळ एमटीएस पदाचा विचार केला.

यापुढचा भाग सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी उमेदवारी त्यावर अवलंबून होती. एमटीएससाठी वयोमर्यादा १ ऑगस्ट २०२४ रोजी १८ ते २५ अशी होती, काही पदांसाठी ती २७पर्यंत होती. माझे वय २५च्या पुढे गेलेले होते. राज्याच्या यादीत आमची जात भटक्या जमातींत येते. केंद्रात हा प्रवर्गच नाही, तेथे आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. त्या प्रवर्गाला वयात तीन वर्षांची सवलत आहे. म्हणजे केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र नसते, तर मी अर्जालाच पात्र ठरले नसते. आपली जात केंद्राच्या यादीत महाराष्ट्रापुढे नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि ते सर्वांत आधी पाहावे, कारण राज्याच्या यादीतील प्रत्येक जात त्यात असतेच असे नाही.

सेवा केंद्रात ‘नॉन-क्रीमीलेयर काढायचे आहे’ एवढेच सांगितले, तर बहुधा राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्राचा अर्ज भरला जातो. केंद्राचा नमुना वेगळा आहे, त्यावर ‘भारत सरकारच्या सेवेतील नियुक्तीसाठी’ अशा आशयाचा मजकूर इंग्रजीत असतो आणि ८ सप्टेंबर १९९३च्या केंद्रीय आदेशाचा उल्लेख असतो. मी आयोगाच्या जाहिरातीच्या शेवटी जोडलेला नमुना छापून नेला आणि तोच पुढे ठेवला. सोबत जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, रहिवासी दाखला आणि शिधापत्रिका एवढे लागले. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळते. जुलै हा शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचा काळ असल्यामुळे दाखल्यांसाठी सगळीकडे गर्दी असते. माझा कागद अर्जाची मुदत संपण्याच्या थोडा आधी हाती आला आणि त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नव्हती. आरक्षणाच्या दाव्यासाठी अर्जाची अंतिम तारीखच निर्णायक मानली जाते, म्हणून हे प्रमाणपत्र जाहिरात येण्याची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यातच काढायला घ्यावे. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचे वर्ष बदलते, त्या उमेदवारांनी तर जाहिरातीत कोणते आर्थिक वर्ष मागितले आहे हे शब्दशः वाचावे.

परीक्षा संगणकावर दोन सत्रांत होते, प्रत्येकी ४५ मिनिटांची. पहिल्या सत्रात गणिताचे २० आणि बुद्धिमत्तेचे २० प्रश्न, एकूण १२० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दुसऱ्या सत्रात सामान्य ज्ञानाचे २५ आणि इंग्रजीचे २५ प्रश्न, एकूण १५० गुण. येथे प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. आता जी गोष्ट जाहिरातीत दोन ओळींत लिहिलेली असते आणि अनेकांच्या नजरेतून सुटते ती अशी, की पहिले सत्र केवळ पात्रतेचे आहे. त्यात खुल्या प्रवर्गाला ३० टक्के, इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटकाला २५ टक्के आणि इतरांना २० टक्के गुण पुरतात. गुणवत्ता यादी मात्र फक्त दुसऱ्या सत्राच्या गुणांवर लागते. माझ्यासोबत तयारी करणाऱ्या मुली दिवसाचे चार-चार तास गणितात घालवत होत्या आणि इंग्रजीला शेवटी वेळ देत होत्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, हे मी जाणते, कारण माझीही सगळी शाळा जिल्हा परिषदेची आणि मराठीतून झाली. परंतु परीक्षा मराठीतून दिली तरी इंग्रजीचा भाग इंग्रजीतच राहतो आणि निवड ठरवणारे अर्धे गुण त्याचेच असतात. म्हणून मी ऑगस्टपासून सकाळचा पहिला वेळ इंग्रजीला दिला : समानार्थी शब्द, रिकाम्या जागा, वाक्यातील चूक ओळखणे आणि रोज एक उतारा.

सामान्य ज्ञानासाठी बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके मी पुन्हा वाचली, ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्राला ती उत्तम पुरतात. इतिहासाला आणि कलासंस्कृतीला मात्र पुरत नाहीत, कारण प्रश्न देशभरातील नृत्यप्रकार, सण, राजवंश, पुरस्कार यांवर येतात. तेवढ्यासाठी मी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून स्वतःची वही केली. गणितात लसावि, मसावि, शेकडेवारी, सरासरी, सरळव्याज, नफा-तोटा हे शाळेतलेच विषय असतात आणि मराठी शब्दांची सवय असल्यामुळे प्रश्न वाचण्यातला वेळ वाचतो, हा मराठी निवडण्याचा माझ्या दृष्टीने खरा फायदा.

त्या वर्षीची परीक्षा ३० सप्टेंबर ते १४ नोव्हेंबर २०२४ या काळात झाली. माझी तारीख ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, अमरावतीच्या केंद्रावर आली. शहर कोणते ते आधी कळते आणि प्रवेशपत्र मात्र परीक्षेच्या अगदी थोडे दिवस आधी येते, त्यामुळे प्रवासाची तयारी शहर कळताच करावी. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च थोडक्यात आटोपला. सकाळची वेळ असल्यामुळे मी आदल्या दिवशीच मावशीकडे मुक्कामाला गेले. ओळखपत्रावर पूर्ण जन्मतारीख हवी आणि ती प्रवेशपत्राशी जुळायला हवी. काही जुन्या आधार कार्डांवर केवळ जन्मवर्ष असते, तसे असल्यास दहावीचे मूळ प्रमाणपत्र सोबत ठेवावे. आत बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. पहिल्या सत्राची वेळ संपल्यावर ते आपोआप बंद होते आणि लगेच दुसरे सुरू होते. मध्ये उठता येत नाही आणि मागे जाता येत नाही. मी पहिल्या सत्रात एकही प्रश्न कोरा ठेवला नाही, दुसऱ्यात मात्र ज्यांची खात्री नव्हती असे प्रश्न सोडून दिले.

उत्तरतालिका २९ नोव्हेंबरला आली. आक्षेप घ्यायचा असल्यास तेव्हा प्रत्येक प्रश्नाला १०० रुपये भरावे लागत. मी घेतला नाही. गुण जुळवल्यावर आशा ठेवण्यासारखे वाटत होते, परंतु वेगवेगळ्या पाळ्यांतील गुणांचे समानीकरण होते आणि जागा राज्यनिहाय व प्रवर्गनिहाय असतात, त्यामुळे स्वतःच्या कच्च्या गुणांवरून काही ठरवता येत नाही. पसंतीक्रमात मी महाराष्ट्र पहिला ठेवला आणि त्यानंतर ज्या राज्यांत खरोखर जाऊन राहण्याची तयारी होती तेवढीच राज्ये लिहिली. जानेवारी २०२५मध्ये हवालदारांच्या शारीरिक चाचणीची यादी आली. आमचा अंतिम निकाल मार्चमध्ये लागला. आई शेतात होती. मी तिला बांधावर जाऊन सांगितले, तेव्हा तिने आधी मला खाली बसवले आणि पाणी प्यायला दिले.

प्रतीक्षेच्या त्या महिन्यांत एक फोन आला होता. बोलणाऱ्याला माझे नाव आणि परीक्षा दोन्ही माहीत होते आणि ‘मुलाखतीत सांभाळून घेण्यासाठी’ तो दीड लाख रुपये मागत होता. १ जानेवारी २०१६पासून केंद्रातील गट ‘क’ पदांना मुलाखतच नाही, हे मला माहीत होते म्हणून मी फोन ठेवला. असे फोन गावागावांत येतात आणि लोक जमिनी गहाण ठेवून पैसे देतात. कृपा करून आपल्या घरच्यांना हे एक वाक्य सांगून ठेवा : या पदाला मुलाखत नसते.

निकालानंतर आयोग आपली शिफारस संबंधित विभागाकडे पाठवतो आणि पुढचे सर्व तो विभाग करतो. मला विभागाचे पहिले पत्र यायला मे महिना उजाडला. त्याआधी कोणाला विचारावे हेही कळत नाही आणि आसपासचे लोक ‘खरेच लागली ना नोकरी?’ असे विचारू लागतात. तो काळ मनावर जड जातो. मी तेव्हा गावात शिकवण्या सुरूच ठेवल्या आणि ते मला सर्वांत उपयोगी पडले, कारण पुढच्या खर्चाचे पैसे त्यातूनच उभे राहिले.

कागदपत्रांची पडताळणी मुंबईत झाली. दहावी, बारावी व पदवीची मूळ प्रमाणपत्रे, जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, नावाविषयीचे प्रतिज्ञापत्र आणि या सर्वांच्या स्वसाक्षांकित प्रतींचे तीन संच मी नेले होते. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या प्रमाणपत्रातील १९९३च्या आदेशाच्या ओळीवर बोट ठेवले, अर्जाच्या अंतिम तारखेशी त्याची तारीख ताडून पाहिली आणि मगच पुढचा कागद घेतला. माझ्या शेजारचा मुलगा राज्याचे प्रमाणपत्र घेऊन आला होता. त्याला वेळ देण्यात आला, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. जातीचा दाखला खात्रीसाठी तो देणाऱ्या कार्यालयाकडेही पाठवला जातो.

त्याच वेळी साक्षांकन नमुना भरून घेतात. गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून अधिक काळ जेथे राहिलो ते सर्व पत्ते, शिक्षणसंस्था, आधीच्या नोकऱ्या आणि कोणताही गुन्हा किंवा खटला असल्यास त्याची माहिती त्यात द्यायची असते. माहिती लपवणे हेच अपात्रतेचे कारण ठरू शकते, असे नमुन्याच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते. पदवीच्या काळात मी वसतिगृहात राहत होते, तो पत्ताही मी दिला. पोलीस पडताळणी आमच्या ठाण्यातून झाली. पोलीस पाटलांनी आणि शेजाऱ्यांनी जबाब दिले. वैद्यकीय तपासणीत डोळे, कान, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवी एवढे पाहिले. ती शासकीय रुग्णालयातच करावी लागते. सर्व चाचण्या एका दिवसात होत नाहीत, म्हणून राहण्याची सोय पाहून जावे आणि विभागाने दिलेला छापील नमुना न विसरता न्यावा.

नियुक्तीचा प्रस्ताव ऑगस्टच्या अखेरीस आला. त्यात मूळ वेतन १८,००० रुपये, दोन वर्षांचा परिवीक्षा (प्रोबेशन) कालावधी आणि रुजू होण्याची मुदत लिहिलेली होती. मुंबईत मुलींसाठीच्या एका खोलीत चौघींत एक जागा मिळाली, त्यासाठी अनामत रक्कम आणि पहिले भाडे एकदम द्यावे लागले. पहिला पगार वेळेवर होईलच असे धरू नये. निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक तयार होणे, बँकेची आणि वेतनप्रणालीतील नोंद यांत वेळ जातो. माझा पहिला पगार दुसऱ्या महिन्यात एकत्र झाला. निदान दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच मोठ्या शहरात यावे. सरकारी निवासस्थानासाठी पात्र कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना ई-संपदा या संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

पगाराची रक्कमही सांगते, कारण त्याविषयी फार वाढवून किंवा फार कमी करून बोलले जाते. मूळ वेतन १८,०००. १ जुलै २०२५पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता १०,४४०. मुंबईत ३० टक्के घरभाडे भत्ता ५,४००. वाहतूक भत्ता त्यावरील महागाई भत्त्यासह २,१३३. एकूण ३५,९७३ रुपये. त्यातून निवृत्तिवेतनाचे १० टक्के अंशदान २,८४४, आरोग्य योजनेचे २५०, गटविम्याचे ३० आणि व्यवसाय कर वजा होऊन सुमारे साडेबत्तीस हजार हाती येतात. लहान शहरात घरभाडे आणि वाहतूक भत्ता कमी असतो. १ एप्रिल २०२५नंतर रुजू होणाऱ्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली की एकीकृत निवृत्तिवेतन योजना, हा पर्याय रुजू झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. पहिल्या दिवसांच्या धावपळीत ही मुदत सहज निघून जाते, म्हणून मी रुजू झाल्याच्या दिवशीच आस्थापना शाखेतून नमुना मागून घेतला.

काम जाहिरातीत लिहिले आहे तसेच आहे. सकाळी साहेबांच्या आधी येऊन मी शाखेच्या खोल्या उघडते, टेबले पुसते, पाणी भरून ठेवते. मग आलेले टपाल फोडून, शिक्का मारून नोंद करायची, शाखांना वाटायचे आणि पोच घ्यायची. बरेचसे टपाल आता ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फायलींच्या प्रणालीत चढते. ते स्कॅन करणे माझ्याकडे आहे. आमच्या शाखेत तीस वर्षे काम केलेले एक काका आहेत. कोणती नस्ती (फाइल) कोणत्या कपाटात आहे, ती किती वर्षे ठेवायची आणि नष्ट करण्याआधी कोणाची मंजुरी लागते, हे त्यांनी मला कपाटे उघडून एकेक करून दाखवले. एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन जुन्या सेवापुस्तकातील एका नोंदीसाठी अडले होते. ते सेवापुस्तक काकांनी अभिलेख कक्षातून दुपारभर शोधून काढले, तेव्हा मी त्यांच्यासोबत गठ्ठे उतरवत होते. त्या बाई पुढच्या महिन्यात येऊन काकांना नमस्कार करून गेल्या. त्या दिवसापासून मी गठ्ठ्यांवरच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्या आहेत, जमेल तसा रोज थोडा वेळ.

पुढे कनिष्ठ लिपिक पदासाठी विभागीय परीक्षा असते. त्यासाठी बारावी उत्तीर्ण आणि ठरावीक वर्षांची नियमित सेवा लागते. टंकलेखनाचा वेग इंग्रजीत मिनिटाला ३५ किंवा हिंदीत ३० शब्द असावा लागतो. सेवेच्या अटी विभागाप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या पदाचे सेवाप्रवेश नियम आस्थापना शाखेतून मागून घ्यावेत. मी ते घेतले आहेत आणि कार्यालय सुटल्यावर टंकलेखनाच्या वर्गाला जाऊ लागले आहे.